सात नंबरची पट्टी

थोरलीच्या धाकट्या बहिणीने डॉक्टरशी लग्न केलं, पण हा डॉक्टर तपासणारा नव्हता, नुसता बोलणारा होता. शेजारच्या आजींनी एकदा मोठ्या आशेने त्याला आपला गुडघा दाखवला. त्याने त्यांना अर्धा तास कार्बनच्या अणूंबद्दल सांगितलं. आजी गुडघा जसा आणला होता तसाच परत घेऊन गेल्या आणि जाता जाता थोरलीला म्हणाल्या, "बिचाऱ्याचं शिक्षण अर्धवट राहिलं वाटतं." त्या दिवसापासून थोरलीला या आजी फार आवडायला लागल्या.

थोरलीचं बसस्टॉपच्या मागे दुकान होतं. दारावरच्या पाट्या, शाळांच्या ट्रॉफ्या, घरांचे नंबर, निवृत्त होणाऱ्यांना द्यायची मानचिन्हं, हे सगळं ती लेसर मशीनवर कोरून द्यायची. मशीनचं झाकण उघडताना कुरकुरायचं, धूर बाहेर नेणारा पाइप चार ठिकाणी टेपने बांधलेला होता, पण तिच्या हाताखाली ते केसाएवढी रेघ मारायचं. डॉक्टरच्या संशोधन संस्थेत याहून कितीतरी भारी मशीन होतं. त्यासाठी मात्र रांग होती, आणि रांगेत उभं राहणं डॉक्टरच्या प्रकृतीला मानवत नसे. म्हणून "ताई, दोनच दिवस जरा" असं म्हणून तो दुकानात शिरला. त्याला आता अकरा महिने झाले होते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं थोरली मनात म्हणायची. नागोबाला निदान दर तासाला चहा लागत नाही.

तो मधाच्या रंगाचे प्लॅस्टिकचे पातळ ताव घेऊन आला होता. त्यावर लेसर फिरवला की प्लॅस्टिक वितळत नसे, तर जिथे रेघ पडेल तिथे त्याचाच मऊ, काळा, सच्छिद्र कार्बन होत असे. त्याला डॉक्टर ग्राफीन म्हणायचा, आणि म्हणताना आवाज खाली आणायचा. अशा काळ्या रेघेला अमोनियाचा वायू लागला की रेघेतून जाणारी वीज जास्त अडते. किती अडली ते मोजलं की वायू सुटला हे कळतं. एवढीच गोष्ट. थोरलीला ती पाच मिनिटांत समजली आणि मनापासून आवडलीही. तिला आवडत नव्हता तो गोष्ट सांगणारा.

पहिले दोन आठवडे डॉक्टरने तावांना नुसती भोकं पाडली. नाचता येईना अंगण वाकडं, तसं रोज मशीनला नावं ठेवली. शेवटी थोरलीने त्याला बाजूला सारून लेसरचं डोकं थोडं वर उचललं, म्हणजे किरणाचा ठिपका जरा पसरट पडेल, आणि रेघा एकमेकींवर अर्ध्या चढवल्या. करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी सलग पट्टी उठली. डॉक्टर ती हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. पुढे त्याचा लेख छापून आला, त्यात 'योग्य अंतर निश्चित करण्यात आले' असं वाक्य होतं.

"कोणी निश्चित केलं?" थोरलीने विचारलं.

"असं लिहायची पद्धत असते, ताई."

"चोरी करण्यात आली, असंही लिहितात का?"

डॉक्टर हसला. तिचं बोलणं तो विनोद समजायचा, कारण तसं समजणं सोयीचं होतं.

या पट्ट्यांचं मोठं कौतुक म्हणजे त्या वाकायच्या. पाहुणा आला की डॉक्टर एक पट्टी बोटाला अंगठीसारखी गुंडाळायचा आणि म्हणायचा, "बघा, कितीही वाकवा, काम करते." थोरलीला त्यात काही नवल वाटत नसे. डॉक्टर स्वतः संस्थेच्या संचालकांपुढे याहून जास्त वाकायचा आणि तरीही काम करायचा नाही.

आता थोरलीच्या नवऱ्याकडे यायला हवं. तो एका मोठ्या कोल्ड स्टोरेजच्या कॉम्प्रेसर खोलीत बावीस वर्षं होता. तिथला सगळा गारवा अमोनियावर चालतो, आणि अमोनिया म्हणजे गंमत नव्हे. मोठा झोत तोंडावर आला तर माणूस दारापर्यंतही पोचत नाही. नवऱ्याची ख्याती अशी की कुठे जरासा वायू सुटला तरी त्याला फाटकातच कळायचं. तिथे त्याला सगळे 'नाक' म्हणत. मालकाने एका समारंभात त्याला 'आमचं नाक' असं लिहिलेली ट्रॉफी दिली होती. ती कोरली थोरलीनेच.

त्या नाकाचा तोरा घरातही असायचा. भाजी घरात यायच्या आधी वासाने कळते, कालची शिळी आहे की ताजी तेही कळतं, असं तो सांगायचा. मग दोन वर्षांपूर्वी एका सकाळी थोरली अंघोळीला गेलेली असताना दूध उतू जाऊन पातेलं जळलं. ती धावत आली तर स्वयंपाकघर धुराने भरलेलं आणि नवरा शेजारच्या खोलीत दाराकडे पाठ करून पेपर वाचतोय. तिने पातेलं घासून ठेवलं. चार दिवसांनी तिने मुद्दाम दुकानातली थिनरची बाटली उघडून त्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. त्याने चहा प्यायला, मिशी पुसली आणि म्हणाला, "आज वेलची बरी पडली आहे." चहात वेलची नव्हतीच.

थोरली तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसली. इतकी वर्षं नाकाने कांदे सोलणाऱ्या माणसाचं नाकच गेलं होतं. ती त्याला बोलली नाही. लोकांना तिने सांगितलं नाही, कारण नोकरी त्या नाकावर उभी होती. त्याला सांगितलं नाही, कारण तो कबूल करणारा नव्हता. असं ती स्वतःला समजावायची. खरं कारण जरा हलकं होतं. तो जेवताना छाती पुढे काढून वासांच्या गोष्टी सांगायचा, आणि आपल्याला सगळं ठाऊक असून गप्प बसण्यात तिला मजा यायची.

डॉक्टरने पट्ट्या लावून बघायला जागा शोधली ती साडूच्याच कोल्ड स्टोरेजमध्ये. मालक तयार झाला. नळांच्या बारा सांध्यांना बारा पट्ट्या गुंडाळायच्या, त्यांच्या तारा एका पेटीला जोडायच्या आणि वायू सुटला की पेटीने भोंगा वाजवायचा. तीन महिने बघू, पट्टी आणि नाक दोघांची साक्ष जुळली तर सगळीकडे लावू, असं मालक म्हणाला. नवऱ्याने पट्ट्यांकडे अशा नजरेने पाहिलं जणू कोणी त्याच्या जागी शिकाऊ माणूस आणून बसवलाय. "प्लॅस्टिकला काय कळतं?" तो म्हणाला. डॉक्टर घरी येऊन म्हणाला, "साडूभाऊंचं नाक म्हणजे जुनं तंत्रज्ञान." दोघंही थोरलीच्या हातचं जेवत एकमेकांची उणीदुणी काढायचे. कोणाला जास्त वाढावं असा प्रश्न तिला पडायचा, कारण दोघांचीही लायकी सारखीच होती.

पहिल्याच महिन्यात फजिती झाली. कोणीतरी खोलीची फरशी पाइपने धुतली, दमट हवा पट्ट्यांना लागली आणि पेटीने भोंगा वाजवला. चाळीस माणसं तासभर अंगणात उभी राहिली. नवरा खोलीत एकटा फिरून आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "काही नाही. प्लॅस्टिकला सर्दी झाली आहे." लोक पोट धरून हसले. डॉक्टर लाल झाला आणि त्याच संध्याकाळी त्याने पेटीला एक नवी शिस्त लावली. रोज सकाळी सहाला प्रत्येक पट्टीचा जो आकडा असेल तो शून्य धरायचा, आणि तिथून एकदम उडी मारली तरच ओरडायचं. त्यानंतर भोंगा एकदाही वाजला नाही. डॉक्टर ही युक्ती जो भेटेल त्याला सांगत सुटला.

पारड्यात दगड ठेवून काटा शून्यावर आणला, तर वजन रोज बरोबरच दिसणार. पण हे थोरलीला तेव्हा सुचलं नाही. ती दंतवैद्याची पाटी करत होती.

ते सुचलं रद्दीमुळे. पेटीतले कच्चे आकडे डॉक्टर दुकानातच छापायचा, एकदा नजर टाकायचा आणि टेबलावर टाकून जायचा. थोरली त्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर पाट्यांचे आराखडे काढायची. एका दुपारी गोल पाटीचा नमुना कात्रीने कापताना तिला मागच्या बाजूचा एक रकाना दिसला, 'शून्य करण्यापूर्वी'. बारा पट्ट्या, बारा आकडे. प्रत्येक पट्टी मशीनमधून निघाली की थोरली मीटर लावून ती वीज किती अडवते तो आकडा तिच्या पाठीवर बारीक कोरून ठेवायची आणि वहीतही लिहायची. गिऱ्हाईक नंतर वाद घालतं, म्हणून तिची ही जुनी सवय होती. तिने वही काढली.

सात नंबरची पट्टी निघाली तेव्हा दोनशे बारा ओहम होती. पहिल्या आठवड्यात सकाळचा आकडा दोनशे चौदा. पुढे दोनशे अठरा, दोनशे पंचवीस, दोनशे चौतीस. कालचा दोनशे एकोणपन्नास. बाकीच्या अकरा जणी दोन-तीन ओहम वर जायच्या, तेवढ्याच खाली यायच्या. रद्दीच्या ढिगातून तिने जुने कागद उपसून काढले, टेबलावर तारखेने मांडले आणि दुकानाचं दार लावून घेतलं.

डॉक्टर आला तेव्हा तिने ते त्याच्यापुढे सरकवले.

"ओल असते तिथे, ताई. आकडा सरकत जातो," तो चहाचा कप शोधत म्हणाला.

"ओल फक्त सातलाच दिसते का? बाकीच्या काय छत्री घेऊन बसल्यात?"

"बारांत एखादी अशी निघतेच. तिला आम्ही जमेत धरत नाही." त्याने कागद उलटा करून दंतवैद्याच्या पाटीचा आराखडा पाहिला. "हे छान झालंय. सात नंबर मी अहवालातून काढूनच टाकतोय, म्हणजे आलेख सरळ येतो."

"आणि तिथे खरंच गळत असेल तर?"

"मग साडूभाऊंना वास नसता आला? त्यांचं नाक आहे ना." एवढं बोलून तो पाटीच्या अक्षरांबद्दल सल्ला द्यायला लागला.

याच नाकाला जुनं तंत्रज्ञान म्हणणारा माणूस आता त्याच नाकाच्या आड लपत होता. उचलली जीभ लावली टाळ्याला. थोरलीला त्याचा इतका तिटकारा आला की तिने त्या दिवशी त्याला चहा दिला नाही, आणि त्याने तो मागितल्यावरही दिला नाही.

संध्याकाळी जेवताना तिने नवऱ्याला विचारलं, "अहो, तुमच्या तिथे सातवा सांधा कुठे येतो?"

"वर, छताला. एक्झॉस्ट पंख्याच्या बाजूला. का गं?"

"तिथे वास येतो का?"

"पंखा सगळं ओढून नेतो. तिथे कसला वास?"

"शिडी लावून एकदा नाक नेऊन बघा ना."

त्याचा घास हातातच राहिला. "बावीस वर्षं मी त्या खोलीत आहे. मला तू शिकवणार?"

"पट्टीचा आकडा चढतोय."

"त्या डॉक्टरच्या पट्टीचा? प्लॅस्टिकवर विश्वास ठेवतेस आणि नवऱ्याच्या नाकावर नाही?"

तिच्या जिभेवर वाक्य आलं होतं. ते बोललं असतं तर तिथेच सगळं उघड झालं असतं. ती त्याच्या मानेकडे बघत राहिली. उद्या सकाळी हा त्याच सांध्याखालून दहा वेळा ये-जा करणार. सांध्यातली वायू अडवणारी चकती दर आठवड्याला थोडी थोडी फाटत असणार, आणि ती एकदम सुटली तर खाली हा असणार, चार पावलं अंतरावर, काहीही न हुंगता. आणि वाक्य बोललं तर नोकरी गेली, इज्जत गेली, उरलेली सगळी वर्षं हा घरात खुर्चीवर. थोरलीला पहिल्यांदाच त्या नाकाचं हसू आलं नाही. तिने त्याला आणखी भात वाढला आणि म्हणाली, "बरं, राहिलं."

दोन दिवसांनी मालकासमोर प्रात्यक्षिक होतं. डॉक्टरने जास्तीच्या पट्ट्या वाहायला थोरलीला बरोबर नेलं आणि "या आमच्या ताई, मशीन चालवतात" एवढी ओळख करून दिली. कॉम्प्रेसरच्या घरघरीत मोठ्याने बोलावं लागत होतं. नळांवर बर्फाची पांढरी साय धरली होती. हवेत थोडा तिखट वास होता, पण मालक म्हणाला, "इथे हा असतोच," आणि मॅनेजरने मान डोलावली, कारण मालकाचं बोलणं संपल्यावर मान डोलावणं हीच त्याची नोकरी होती. डॉक्टरने पट्टी बोटाला गुंडाळून दाखवली. मग चौथ्या सांध्यापाशी अमोनियाच्या पाण्याची बाटली उघडली, भोंगा वाजला, सगळे खूश झाले.

"आता या घडीला खोलीत कुठे गळती आहे का?" मालकाने विचारलं.

"शून्य," डॉक्टर पेटीकडे बोट दाखवून म्हणाला.

मालकाने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने डोळे मिटले, मान वर केली, छाती भरून श्वास घेतला आणि ट्रॉफी मिळालेल्या माणसाच्या थाटात म्हणाला, "काही नाही."

पट्ट्या लागल्यापासून दोन साडूंचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, आणि तेही एका खोट्या गोष्टीवर. इतका पोकळ आत्मविश्वास थोरलीने ट्रॉफ्यांच्या धंद्यातसुद्धा पाहिला नव्हता.

"सातव्या सांध्याला गंधकाची वात धरा," ती म्हणाली.

"ती काय असते?" मालकाने विचारलं.

उत्तर नवऱ्यालाच द्यावं लागलं. "गंधक लावलेली वात असते. पेटवून सांध्याजवळ धरायची. अमोनिया असला तर पांढरा धूर होतो. जुनी पद्धत आहे, साहेब. मला कधी लागली नाही."

"मग आज लावा. एका मिनिटाचं काम," मालक म्हणाला.

"गरज नाही, साहेब."

"धरा हो," थोरली म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं. मग भिंतीवरच्या डब्यातून वात काढली, शिडी लावली आणि वर चढला. सांध्याच्या जवळ त्याचं तोंड गेलं तसे त्याचे डोळे घळाघळा वाहायला लागले. नाकाला मात्र काही पत्ता नव्हता. त्याने बाहीने डोळे पुसले, वात पेटवली आणि पुढे केली. सांध्याभोवतीच्या पट्टीच्या कडेने दाट पांढरा धूर उठला आणि पंख्याच्या दिशेने ओढला गेला. त्याने वात मागे घेतली, धूर विरला. पुन्हा पुढे केली, पुन्हा उठला. तिसऱ्यांदा त्याने करून बघितलं नाही.

मॅनेजर वायू बंद करायच्या चाकाकडे पळाला. डॉक्टरला भान आधी आलं. "बघा, साहेब, सात नंबर! पट्टीने हे कधीच पकडलंय. कच्चे आकडे आहेत माझ्याकडे, तारीखवार." आणि त्याने थोरलीच्या पिशवीकडे हात पुढे केला. तिने तारखेने लावलेले कागद त्यातच होते. तिने ते त्याच्या हातात दिले, कारण त्याच्याशी भांडायलाही तेवढी किंमत द्यावी लागली असती.

मालक डॉक्टरकडे बघतच नव्हता. "तुम्हाला वास नाही आला?" त्याने शिडीवरून उतरणाऱ्या नवऱ्याला विचारलं.

"नाही."

"किती दिवस येत नाही?"

नवऱ्याने वात फरशीवर विझवली. "अडीच वर्षं होत आली."

"आणि मी तुमच्या भरवशावर रोज चाळीस माणसं आत पाठवतो." मालक मोठ्याने बोललाही नाही. "ऑफिसात या." तो निघून गेला आणि त्याच्यामागून डॉक्टर गेला, कागद उलगडत.

नवरा आधी अंगणात आला. उन्हात त्याचे डोळे लाल दिसत होते. थोरलीला वाटलं, आता हा ओरडेल, आणि ओरडला तर बरं होईल. उत्तरं तिच्याकडे तयार होती.

"वातच का मागितलीस? पुन्हा हुंगा म्हणाली असतीस," तो म्हणाला.

"त्याचा उपयोग नव्हता."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

"मी तुझ्यापासून लपवत होतो," तो हळूच म्हणाला. "रोज संध्याकाळी येऊन कसले कसले वास बनवून सांगायचो, तुला कळू नये म्हणून. तू काळजी करशील, आत जाऊ देणार नाहीस, असं वाटायचं." मग त्याने विचारलं, "बोलली का नाहीस?"

थोरलीकडे डॉक्टरसाठी उत्तर होतं, मालकासाठी होतं, मॅनेजरसाठी तर तीन होती. तिने नोकरीचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि ते खोटं आहे हे तिचं तिलाच ऐकू आलं.

"मला तुमचं हसू यायचं," ती म्हणाली.

नवऱ्याने मान हलवली, जणू एखादा हिशेब जुळला असावा. "तू घरी हसत होतीस," तो म्हणाला, "आणि मी रोज त्या खोलीत जात होतो."

मग तो ऑफिसच्या पायऱ्या चढून आत गेला. थोरली उरलेल्या पट्ट्या हातात घेऊन अंगणात उभी राहिली. मनातल्या मनात आता कोणाला काय म्हणावं, हे तिला पहिल्यांदाच सुचत नव्हतं.